माणिकमामाच्या पिस्तुलाचं लॉक

वरचं नाव वाचून तुम्ही पान उलटायचं थांबलात, मला ठाऊक आहे. पिस्तूल म्हणलं की माणूस थांबतंयच. आता कुठंतरी ठो होईल, कुणीतरी पडेल, मागून पोलिसांची जीप येईल... तर आधीच सांगून टाकतो, ह्या लेखात गोळी सुटत न्हाई. एक बी न्हाई. ज्याला ठो पाहिजे त्यानं पलीकडच्या पानावर जावं. अन् फोटोभोवतीची काळी चौकट बघून ज्यांनी रुमाल काढला असेल, त्यांनी तो घडी घालून परत खिशात ठेवावा. माणिकमामाला जाऊन महिना होऊन गेला. सगळ्यांचं त्याला 'दिलदार', 'राजा माणूस', 'मोंढ्याचा वाघ' म्हणून झालं. मला तो आवडत नव्हता. जिवंत होता तेव्हा आवडत नव्हता, अन् मेल्यावर एकदम आवडायला लागावा असं त्यानं मरताना काही केलं न्हाई. लातूरच्या दवाखान्यात छातीत कळ येऊन गेला, जशी दुसरी माणसं जातात तसा.

बातमी आली तेव्हा मी धर्माबादला एका लग्नात माईक हातात घेऊन उभा होतो. माझा धंदा नकलांचा. नांदेडला राहतो, लग्नात, गणपतीत, गॅदरिंगला बोलावतात, मी कंडक्टरपासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांचे आवाज काढतो. स्टेजच्या मागं जाऊन फोन घेतला तर अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील, हदगावला शेती करतात, कापसाचा भाव पडला तरी रडत न्हाईत. ते रडायले होते. "मामा गेला रे," एवढंच म्हणाले. मामा गेल्याचं मला काही वाटलं न्हाई. राग आला तो अण्णांच्या रडण्याचा. कारण ह्याच मामानं ह्याच अण्णांवर पिस्तूल रोखलं होतं. मी बाजूलाच उभा होतो. नळी अन् अण्णांचा सदरा ह्यांच्यात मधी एक माणूस आडवा मावला नसता, इतक्या जवळून.

पण मामा कोण ते आधी सांगायला पाहिजे. आईचा थोरला भाऊ. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडत दुकान. तुरीच्या पोत्यांच्या मधी गादी, गादीवर तक्क्या, तक्क्यावर मामा, अन् मामाच्या कंबरेला परवान्याचं पिस्तूल. पट्टीची, म्हणजे विकलेल्या मालाची रक्कम घरी आणावी लागते, रस्ता खराब आहे, म्हणून परवाना काढला होता. बरं, काढला तर कंबरेला राहू द्यावं की न्हाई? हा माणूस भाजी घ्यायला जाताना सदरा वर करून पैसे काढायचा, म्हणजे भाजीवालीला बी दिसावं. जेवायला बसला की ताटाच्या बाजूला पिस्तूल, तांब्या ठेवावा तसं. मला भाच्या म्हणायचा, ते ठीक, पण पाहुणे आले की "ए भाच्या, तोंड वेंगाड जरा," असं सांगून माझ्याकडून नकला करून घ्यायचा, माकडवाल्यानं दोरी हलवावी तसं. नक्कल संपली की टाळ्या आधी स्वतः वाजवायचा, अन् मग पाहुण्यांना म्हणायचा, "दाजीच्या पोटी भांड निपजलं बघा." दाजी म्हणजे अण्णा, त्याच्या बहिणीचा नवरा. अण्णा हसायचे. मला ते हसणं आजूक पचलं न्हाई.

त्या पिस्तुलाला एक खटका होता. अंगठ्याखाली येतो बरोबर. वर केला की बंद, घोडा कितीबी दाबा, काही होत न्हाई. खाली केला की खुलं. लोक त्याला लॉक म्हणतात. मामाचा त्या लॉकवर दात होता. तो म्हणायचा, चोर आला तर थांबंल का? 'सावकाश मालक, आधी लॉक काढा, मग मी सुरा काढतो,' असं म्हणंल का? घाबरलेल्या माणसाचा अंगठा खटक्यावर जातच न्हाई, तो घोडाच दाबत बसतंय, अन् पिस्तूल मुकं. लॉक म्हणजे बाईचा पदर, घडीघडी सावरत बसा. म्हणून तो नळीत गोळी चढवून, लॉक खुलं ठेवून फिरायचा. अन् गादीवर रिकामा बसला की अंगठ्यानं तो खटका उगंच वर-खाली करायचा. टिच, टिच, टिच... समोर शेतकरी मापाची वाट बघत उभा असला तरी टिच, टिच. पुढं पुढं हातात पिस्तूल नसलं तरी अंगठा चालायचा. टीव्हीच्या रिमोटवर, कपाच्या कानावर. मामाची नक्कल करायला मला आवाज सुद्धा काढावा लागत न्हाई, नुसता अंगठा हलवला की मोंढ्यातला माणूस ओळखतो.

त्याच्याशी ह्या बाबतीत भांडणारा एकच माणूस होता, शिवप्पा काका. शेजारच्या अडतीचे. मराठी बोलता बोलता कानडीत घुसायचे. त्यांच्याकडं रिव्हॉल्व्हर होतं, अन् गंमत अशी की त्याला लॉकच न्हाई. त्याचा घोडा इतका जड की दाबायला सगळं बोट लावावं लागतं, चुकून दबत न्हाई. तरी ते मामाला म्हणायचे, बाबा, तुझं लॉक लाव. मामा म्हणायचा, तुमच्याला न्हाई अन् मला शिकवता. त्यावर शिवप्पा काका म्हणायचे, माझ्याला न्हाई म्हणून मी भीत राहतंय, तुझ्याला असून तू लावत न्हाई, म्हणजे तू भीत बी न्हाई अन् लावत बी न्हाई. मग कधी कधी ते उलटे फिरायचे. म्हणायचे, लॉकचं एक वाईट आहे, ते लावलं की माणसाची भीती जाते, नळी कुणाकडंबी फिरवतंय, 'लॉक हाय की' म्हणतंय, अन् एक दिवस नसतंय. दोघंबी बरोबर होते. मी दोघांचेबी आवाज काढून हे भांडण कितीतरी स्टेजवर केलंय, लोक पोट धरून हसतात. शेवट मात्र कधी केला न्हाई.

शेवट दसऱ्याचा आहे. मी बारावीला होतो. दसऱ्याला मामाकडं शस्त्रपूजा व्हायची. पाटावर तांबडं फडकं, त्यावर कोयता, विळा, तराजूची जुनी मापं, अन् मधोमध पिस्तूल, झेंडूची माळ घातलेलं. शिवप्पा काका पूजेला आले होते. घरात लेकरं पळायली होती, म्हणून त्यांनी मामाला त्या दिवशी लॉक लावायलाच लावलं. मामानं लावलं, पण गोळी काही नळीतून काढली न्हाई. वर मला म्हणाला, "बघ भाच्या, वाघाला मुसकं." मामीनं पूजा केली. मामी म्हणजे पूजेत हात राखणारी बाई नव्हे. हळद, वर तेलात कालवलेलं कुंकू, वर अक्षता. कोयत्याला लावावं तसं पिस्तुलाला बी चोपडलं. पिस्तुलाला कुंकू आपल्याकडंच लावत असतील. ज्या कंपनीनं ते बनवलं तिथल्या इंजिनियरनं हा विचार केलेला नसणार.

शिवप्पा काका घरी गेले अन् अण्णा ताईला घेऊन सोनं द्यायला पोचले. मी सकाळपासून तिथंच होतो. ताई तेव्हा लातूरला नर्सिंग करत होती. मामानं आपट्याची पानं घेतली अन् पानं हातात असतानाच सांगून टाकलं की ताईचं त्यानं निलंग्याच्या एका पार्टीला ठरवलंय, शब्द देऊन बसलाय, दिवाळीनंतर बार उडवायचा. ताईचं तोंड पांढरं पडलं. तिचं एक वर्ष राहिलं होतं. अण्णा आयुष्यात मेव्हण्याला न्हाई म्हणले नव्हते, त्या दिवशी म्हणले. आवाज न चढवता म्हणले, "माणिकराव, पोरगी शिकायली. तुमचा शब्द तुमी दिलाव, तुमीच वापस घ्या."

मामाचं बोलणं मी इथं लिहीत न्हाई, पुरवणी घरात सगळे वाचतात. बोलता बोलता तो वाकला, पाटावरचं पिस्तूल उचललं, माळेसकट, अन् अण्णांच्या छातीवर धरलं. झेंडूची माळ नळीला लोंबत होती. दुसऱ्या कुणाच्या घरी असतं तर मला हसू आलं असतं. मी त्याच्या अंगठ्याकडं बघत होतो, कारण त्याचा अंगठा बघायची मला सवयच होती. अंगठा खटक्यावर गेला. त्यानं खाली दाबला. खटका हलला न्हाई. परत दाबला. तेलातलं कुंकू अन् तांदळाचे दाणे खटक्याच्या फटीत जाऊन बसले होते. तिसऱ्यांदा दाबताना अंगठा घसरला, नखापर्यंत लाल झाला... अन् मामानं त्या लाल अंगठ्याकडं बघितलं. किती वेळ बघत होता, सांगता येत न्हाई. मग हात खाली आला. "चेष्टा केली दाजी," म्हणाला. अन् अण्णा, माझे अण्णा, खाली बसले अन् पाणी मागितलं. नंतर तिथंच जेवले. श्रीखंड पुरी.

ताईचं ते लग्न झालं न्हाई, नर्सिंग पुरं झालं, ते सोडा. मामा होता तोवर मी परत त्या घराची पायरी चढलो न्हाई. अण्णा मात्र दर दसऱ्याला हदगावहून एसटीनं उदगीरला जायचे, आपट्याची पानं पिशवीत घेऊन, जसं काही झालंच न्हाई. मी म्हणायचो, जा, त्याचं लॉक ह्या वर्षी चालू असंल. अण्णा पिशवी काखेत मारून निघायचे. मी पुष्कळ विचार केलाय त्या लॉकवर. तेच लॉक तसंच अडकलेलं असताना रस्त्यात कुणी मामाला अडवलं असतं, तर मामा म्हणत होता तसाच तो मेला असता, लाल अंगठा घेऊन. म्हणजे लॉक चांगलं की वाईट हे पुढं कोण उभा आहे त्यावर आहे. पुढं माझा बाप उभा होता. म्हणून मी लॉकवाल्यांच्या बाजूचा. अन् मामानं चूक झाली असं एकदा तोंडानं म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. तो म्हणाला न्हाई. अण्णांना न्हाई, आईला न्हाई, कुणाला न्हाई. आता तर म्हणायची सोयच न्हाई.

मेल्यावर परवान्याचं हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. मामीसोबत अण्णा निघाले, मला गाडी चालवायला नेलं. हवालदार जुना होता. त्यानं मॅगझिन काढून बाजूला ठेवलं, खटक्यावर अंगठा ठेवला, दाबला. हलेना. परत दाबला. अंगठा वर केला तर लाल. "पिस्तूल ठेवत होते का देव ठेवत होते?" म्हणाला अन् टेबलावरच्या कागदाला बोट पुसलं. मी मनात म्हणलं, बघा, इतक्या वर्षांत ह्या आळशानं ते साफ सुद्धा केलं न्हाई, अन् मिरवायचा वाघ म्हणून. अण्णांकडं बघितलं तर ते भिंतीवरचा हरवलेल्या माणसांचा बोर्ड वाचायले होते.

तेराव्याला मांडवात माणसं जमली. एकेकानं उठून मामाचे गुण सांगितले. कुणी म्हणालं, अंगाला हात लावू दिला न्हाई कुणाला. कुणी म्हणालं, पण कुणावर हात टाकला न्हाई. ते ऐकून माझं डोकं फिरलं. जेवणं झाल्यावर मोंढ्यातल्या पोरांनी आग्रह केला, मामाचं काढ की जरा, तुला तर लई जमतं. मी उठलो. आधी तक्क्यावर बसलेला मामा केला, मग टिच टिच, मग शिवप्पा काकांचं भांडण. शिवप्पा काका स्वतः हसले. अन् मग मी आजवर न केलेला शेवट केला. नुसता हात पुढं धरला, अंगठा दाबला, न्हाई हलला, परत दाबला, मग अंगठा तोंडासमोर धरून त्याच्याकडं बघत राहिलो, अगदी मामासारखं तोंड करून. पोरं हसली. ज्यांना काही माहीत नव्हतं ते जास्त हसले. शिवप्पा काकांचं हसणं मधीच थांबलं. ते हळूच म्हणाले, "सुम्नं बस, पोरा, गप." अण्णा ताटावरून उठून हात धुवायला गेले होते, ते तिथंच नळापाशी पाठ करून उभे.

मामीनं मला आत बोलावलं. भांड्यांच्या ढिगापाशी ती बसली होती. मला वाटलं रडेल. तिनं पदरानं हात पुसले अन् सुरू झाली.

"अंगठा दाखवलास. तोंड दाखवलास. हसले लोकं. झालं समाधान? बापाची लाज वेशीवर टांगून आलास, अन् स्वतःला लई शहाणं समजायलास."

मी म्हणलं, लाज अण्णांची कामून, ज्यानं धरलं त्याची.

"गप. तुला काय वाटतंय, ठाण्यात निघालं ते कुंकू तवाचं हाय? इतकी वरसं टिकतंय व्हय रे कुंकू? तवाचं तर मी दुसऱ्याच दिवशी पुसलं, तेल घातलं, खटका लोण्यावानी चालायला लागला. पुढच्या दसऱ्याला पूजेला बसले तर तुझ्या मामांनी पिस्तूल माझ्यापुढं धरलं. गोळी काढून. खटका वर करून. 'इथं लाव' म्हणले. लावलं. 'आजूक लाव' म्हणले. मग तेलात कालवून, तांदूळ घालून भरलं, बुजेस्तोवर. दर वर्षी. वर्षभर तसंच बांधून फिरायचे कंबरेला. लोकांला वाटायचं वाघ, आत नुसतं कुंकू."

मी म्हणलं, मग अण्णांना एका शब्दानं सांगायचं होतं.

"शब्दानं सांगायला त्येंला येत होतं का कधी? अन् तुझ्या बापाला कायला सांगायचं? गेल्या दसऱ्याला मी तापानं पडले होते, तवा कुणी भरलं? तुझ्या बापानं भरलं. दोघं समोरासमोर बसले, ह्येनी धरलं, त्येनी बोटानं भरलं. एक शब्द बोलले न्हाईत. मग जेवले." ती उठली, घमेलं माझ्या हातात दिलं. "नक्कल करतूस तर पुरी करीत जा. अर्धी करून हसवतूस, मोठा कलाकार. जा आता, पत्रावळ्या उचल. बाप बघ तिकडं एकटाच उचलायलाय."