अनसूनं पकडलेली रेघ

आमची अनसू कानानं कापड बघायची. विट्यात आम्ही एकाच शेडमध्ये होतो. मी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आणि माझी ही बायको चार माग सांभाळणारी. पाठमोरी चहा पीत असली तरी मध्येच कप खाली ठेवायची. "आवं, तिसऱ्याचं कायतरी ढिलं झालंय." जाऊन बघावं तर खरंच बोल्ट सैल. मी चिडायचो. ती म्हणायची, "तुमी हातानं शोधता, मला ऐकू येतं. त्यात भांडायचं काय?"

नव्वदच्या पुढची सालं होती. एक दिवस ती मागाजवळच पडली. हातपाय ताठ, तोंडाला फेस. दोन महिन्यांत तीनदा झालं. मालकानं शेड बंद केली तिला. बायका कुजबुजायला लागल्या, अंगात काही आहे म्हणून. अनसू त्यांच्या तोंडावर म्हणाली, "अंगात न्हाई, डोक्यात हाय. डाक्टरला बघू तरी द्या." साताऱ्याला सीटी स्कॅन केला. डोक्यात वाटाण्याएवढा डाग दिसला, पण कशाचा ते कळेना.

सांगलीला तेव्हा एमआरआयचं नवं मशीन आलं होतं. तिथले डॉक्टर फिट येणाऱ्यांच्या डोक्याची चित्रं गोळा करत होते. मला म्हणाले, "डाग किड्याचा असतो, नाहीतर टीबीचा, नाहीतर वाईट गाठीचा. या मशीनच्या नव्या पद्धतींनी डागाच्या आत पाणी आहे की घट्ट, ते दिसतं. पुष्कळ जणांची चित्रं जुळवली की कवटी न उघडता ओळखता येईल."

अर्धा तास ती त्या नळकांड्यात पडून राहिली. त्या धडधडीला लोक घाबरायचे. ही बाहेर येऊन म्हणाली, "आपल्या शेडपेक्षा कमीच हाय." पण फिल्म बघून डॉक्टरांचा चेहरा उतरला. "सगळीकडं बारीक रेघा आल्यात, डागाच्या आतलं काही दिसत नाही. आता डोक्याला भोक पाडून तुकडा तपासावा लागेल."

मशीन चालवणारा पाटोळे म्हणाला, "मावशी हलल्या असतील."

हे तिला लागलं. फिल्म ओढून घेऊन तिनं उजेडाला धरली. "मी हलली न्हाई. ह्या तिरक्या रेघा बघा, सगळ्या सारख्या अंतरानं. माणूस हलला तर असं सारखं येतंय व्हय? माग ढिला असला की कापडावर असंच येतं. आन आत डाव्या कानाशी कायतरी किरकिरत हुतं."

पाटोळे हसला. "मावशी, परदेशी मशीन आहे."

"मग? परदेशातलं स्क्रू ढिलं व्हत न्हाईत?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "पाटोळे, बघ."

मी सवयीनं खिशातला पाना काढला आणि आत निघालो. पाटोळेनं दारातच मागून कमरेला मिठी मारली. "काका, लोखंड आत नको! चुंबक ओढून घेईल!"

तशातही अनसू म्हणाली, "चिकटू द्या त्येस्नी. घरात जरा निवांत हुईल."

डोकं ठेवायच्या साच्याखाली, डाव्या अंगाला, पितळेचा स्क्रू सैल निघाला. पाटोळेनं आवळला. पुन्हा अर्धा तास. या वेळी फिल्म धुतल्या कापडासारखी स्वच्छ. डागात पाणी, पाण्यात बारीक ठिपका. "किडाच आहे!" डॉक्टर ओरडलेच. "ठिपका म्हणजे त्याचं डोकं. गोळ्यांनी जाईल!" आधीच्या दोघांची चित्रंही त्याच रेघांनी वाया गेली होती. पेशंट हलले असं धरून ती टाकून दिलेली. त्यांनाही परत बोलावलं.

डॉक्टरांनी विचारलं, तुमचं चित्र पुण्याला डॉक्टरांच्या सभेत दाखवू का? अनसू म्हणाली, "दाखवा. पण रेघ कुणी पकडली त्येबी सांगा." त्यांनी सांगितलं. पाटोळे सांगायचा, टाळ्या थांबेनात.

पुढं वर्षभर एकही फिट आली नाही. डॉक्टरांनी कामावर जायची परवानगी दिली तेव्हा मालक स्वतः बोलवायला घरी आला. अनसूनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "परवा शेडवरनं जाताना ऐकलं. तिसरा माग अजून ढिलाच हाय."

या दिवाळीआधी ती गेली. हृदय थांबलं. घर नुसतं गप्प झालंय.

तिनं दोन्ही फिल्मा जपल्या होत्या. आल्यागेल्याला दाखवायची, "ही रेघांची त्यांची, ही स्वच्छ माझी." लोक म्हणतात, फोटो लावा, हार घाला. मी तिची फिल्म खिडकीच्या काचेला लावलीय. सकाळी ऊन आलं की उजळते. मी रोज जवळ जाऊन बघतो, जॉबरच्या नजरेनं. एकही रेघ सापडत नाही.