मोजे घाला, अर्धा तास उठू नका

फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि मी घाटकोपरच्या आमच्या हॉस्पिटलात इंजेक्शनचा ट्रे घेऊन निघाले होते. शालिनीताईंची सून बोलत होती. "सुनंदामावशी, आई गेल्या... झोपेतच. अगदी शांत." मी म्हटलं, "बरं." बरं! माणूस गेल्यावर कुणी बरं म्हणतं का? मग ट्रेमधल्या बाटल्यांवरची नावं दोनदा वाचली, तरी कळेनात. पूर्वीची मी असते तर दात आवळून तशीच बेडपर्यंत गेले असते. पण मी ट्रे खाली ठेवला आणि माझ्याबरोबरच्या रेखा सिस्टरला म्हटलं, "हा राऊंड तू घे गं. माझ्याने नाही होणार." एवढं साधं वाक्य बोलायला मला ज्या बाईने शिकवलं, तिला जाऊन आता दीड महिना होईल.

शालिनीताई वैद्य होत्या. मुलुंड पूर्वेला, आमच्या बिल्डिंगपासून दोन गल्ल्या सोडून त्यांचा छोटासा दवाखाना. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या आणि भयंकर भोचक. मी पहिल्यांदा गेले ती टाच दुखते म्हणून. त्यांनी माझा पाय सरळ मांडीवर घेतला नि ओरडल्या, "अगं, हे पाय आहेत की पायपुसणं? नर्स ना तू? आधी एक्स-रे काढून आण. हाड मोडलेलं असलं तर माझं तूप काय करणार, कपाळ?" मी गारच पडले. वैद्य एक्स-रे सांगतात, हे मला नवीन होतं. एक्स-रे ठीक निघाला, मग त्यांनी कपाटातून काशाची वाटी काढली. तळव्याला तूप लावून वाटीने घासत राहायचं, बस. थोड्या वेळाने तळवा काळाकुट्ट. "उष्णता निघाली ना?" मी विचारलं. "छट्! काशाचा आणि तुपाचा काळा रंग आहे तो. पण पाय हलका झाला की नाही, ते सांग."

मग समुद्रापलीकडच्या एका देशात युद्ध पेटलं. इथून डॉक्टर-नर्सची एक तुकडी तिकडे जायची होती, त्यात रेखाने आणि मी नाव दिलं. ताईंना कळलं, तर म्हणाल्या, मीही येणार! तुकडीचे प्रमुख डॉक्टर सामंत, सर्जन, एकदम कडक माणूस. ते म्हणाले, "वैद्यबाई, तिथे काय काढे उकळणार?" ताई म्हणाल्या, "जखमींना मी हातही लावणार नाही. जखमींना हात लावणाऱ्यांना कोण बघणार आहे, तेवढं सांगा." सामंतांनी यादी पुढे ओढली, नाव लिहिलं. ताईंना घेतलं. विमानतळावर तपासणीवाल्याने वाटी उलटीपालटी करून विचारलं, "ये क्या है?" ताई म्हणाल्या, "पाँव घिसने का." "किसके पाँव?" "तुम्हारे भी घिस दूँ? दिनभर खड़े हो." तो बिचारा लाजून हसला आणि वाटी सोडली.

तिकडे एका शाळेत हॉस्पिटल थाटलेलं. पहिल्याच दिवशी ताईंनी स्वयंपाकघरातून लोणी मिळवून तूप कढवलं. असा वास सुटला की अख्खा वॉर्ड नाक वर करून बसला. आम्हा सगळ्या नर्सना ओळीने बसवून पाय घासले, झकास वाटलं, आणि आम्ही तशाच चपला सरकवून ड्यूटीवर. झालं! रेखा सलाईनच्या स्टँडसकट जी घसरली, ती थेट सामंतांच्या पुढ्यात साष्टांग. नशीब, लागलं नाही कुणाला. सामंत कडाडले, "हे आजपासून बंद." ताई मान खाली घालून म्हणाल्या, "चूक माझी. तुपाचे पाय घेऊन माणसं सोडली मी. उद्यापासून नियम करते." नियम असा: घासून झालं की बेसनाने पाय पुसायचे, कोरडे मोजे घालायचे आणि अर्धा तास उठायचं नाही. तूप राहिलं असेल तर घसराल, म्हणून. सामंतांनाही नाही म्हणता येईना. मला फार उशिरा कळलं, खरं औषध तो अर्धा तासच होता... एरवी आम्हाला कोणी बसू दिलं असतं का? आम्ही स्वतःला तरी दिलं असतं का?

आणि आमच्यात शर्यत लागली, कुणाचे पाय जास्त काळे. जिचे काळे, ती जास्त दमलेली, तिला चहा पहिला. शास्त्र शून्य, पण मजा यायची.

मग माझी वाट लागली. तिथे जे बघितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एका दुपारी एका म्हाताऱ्या बाबांना सलाईन लावताना दोनदा शीर चुकली. माझ्याकडून! नवशिकीलाही जी सापडेल अशी शीर. मी ट्रे तिथेच ठेवला, बॅग भरली आणि ताईंना सांगितलं, "सकाळच्या जीपने चालले. नर्सिंगच सोडते. माझ्यात दम नाही." मला वाटलं, आता वाटी काढतील. त्यांनी नाही काढली. म्हणाल्या, "वाटी पायाला गं. मनाचं मनाच्या डॉक्टरला." तुकडीत समुपदेशक होते, त्यांच्यापुढे मला नेऊन बसवलं. मग सामंतांना गाठलं. "हिला दोन दिवस ड्यूटी नाही."

"माणसं कुठून आणू मी?"

"मोडलेलं माणूस मोजून तुमचा आकडा वाढतो का?"

सामंतांनी ड्यूटीच्या तक्त्यातून माझं नाव खोडलं. ताई मला म्हणाल्या, "जायचं तर जा, पळपुटी म्हणणाऱ्याचं तोंड मी बघून घेईन. पण झोपून उठल्यावर ठरव. दमलेल्या पायांनी ठरवायचं नाही." मी रडले, बोलले, झोपले... जीप दोनदा येऊन गेली. तिसऱ्या दिवशी त्याच बाबांची शीर पहिल्या झटक्यात सापडली. त्यांनी त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्याच संध्याकाळी सामंत स्वतः बूट काढून ताईंपुढे बसले. "हा काळेपणा धातूचा आहे, एवढं लक्षात ठेवा," ते म्हणाले. "मलाही माहितेय. पाय हलवू नका," ताई म्हणाल्या. पाच मिनिटांत साहेब घोरायला लागले. पाय असे काळे की आम्ही एकमताने पहिला नंबर त्यांना दिला.

ताई स्वतःच्या पायांना मात्र कुणाला हात लावू देत नसत. "मी कुठे उभी असते?" म्हणायच्या. चोवीस तास उभी बाई! आम्ही परत आल्यावर, त्या वारल्या त्याच्या दोन आठवडे आधी मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा पांघरुणातून त्यांनीच पाय बाहेर काढले. नुसती कपाटाकडे मान हलवली. मी तूप लावलं, घासलं. पाय केवढेसे झाले होते... "काळे झाले का गं?" "झाले." "किती?" "सामंतांपेक्षा जास्त." त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "म्हणजे दमले होते बघ मी." मोजे घातल्यावर वाटी माझ्याच हातात ठेवली.

ती आता आमच्या स्टाफरूमच्या लॉकरमध्ये असते. फोन आला त्या दिवशी राऊंड संपवून रेखा आली, वाटी काढली आणि म्हणाली, "पाय वर कर." मी नको नको म्हणत होते, तिने ऐकलं नाही. घासता घासता म्हणाली, "काळे झाले गं."

"ताईंपेक्षा?"

तिने नीट निरखून बघितलं. "हट्. त्यांचा नंबर नाही जायचा."

मी हसले, आणि मग जे रडू फुटलं ते थांबेना. रेखाने बेसनाने पाय पुसले, मोजे चढवले, घड्याळ बघितलं. तेवढ्यात वॉर्डातून बेल वाजली. मी सवयीने उठायला गेले, तिने खांदा दाबला आणि स्वतः गेली. मी पूर्ण अर्धा तास बसून राहिले.