मधली बॅग

गौरांग, आधी ती बॅग मांडीवरून खाली ठेव आणि ऐक. तुझ्यात काहीही बिघडलेलं नाही. एखाद्यावर जीव असतो, तरी त्याचा हात लागला की अंग आक्रसतं. असतात अशी माणसं. पण हे विक्कीला सांगायचं कुणी? तूच ना? मग तोंड कधी उघडणार होतास?

नाही उघडलं त्यानं. एकोणीस वर्षांचा घोडा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, वडील सरकारी कचेरीत. वर्गातल्या, शहराबाहेर वाडीला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विक्कीवर त्याचं मनापासून प्रेम. दोघांनी ते एकमेकांना सांगितलं होतं, बाकी कुणाला नाही. घोडं पुढे अडलं. विक्कीला जवळ बसायचं असे, हात हातात घ्यायचा असे. गौरांग त्याच्या गाडीवर बसला तरी मध्ये बॅग ठेवी. टपरीवर सगळी पोरं एकमेकांच्या गळ्यात हात टाकून उभी, आणि हे दोघंच हातभर लांब. चहावाला गोविंदा एकदा म्हणालाच, "काहून गा, भांडले का तुम्ही?" तेव्हापासून गौरांगला धास्ती. जवळ जावं तर अंगावर काटा, लांब राहावं तर लोकांच्या डोळ्यांवर. आणि या सगळ्याला कंटाळून विक्की सोडून गेला तर?

एप्रिलची दुपार होती. विक्कीच्या खोलीतल्या कूलरच्या जाळीतली खस, म्हणजे वाळ्याचं गवत, पार कुजलेली, नुसता गरम वारा. विक्कीनं सुतळीनं जाळीचं माप घेतलं आणि सुतळी गौरांगकडे दिली.

"रविवारी दोघं जाऊन नवीन खस आणू. तुह्या सोज्वळ तोंडाकडे पाहून दुकानदार भाव कमी करते बे," असं म्हणत हसत हसत त्यानं गौरांगचं मनगट धरलं.

गौरांगनं हात सोडवून घेतला. वर, काही सुचेना म्हणून, रुमाल काढून मनगट पुसत बसला. मूर्खपणा, दुसरं काय!

विक्कीचं हसू गेलं. "पुसून राहिला? माहा हात लागला तर बाटला का तू?"

गौरांगला आधी उमजलंच नाही. उमजलं तेव्हा त्यानं रुमाल घाईनं खिशात कोंबला. विक्कीच्या पणजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. त्याआधी त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतत, हे विक्कीनंच तर त्याला सांगितलं होतं.

"तसं नाही रे, शप्पथ! मला कुणाचाच हात सहन होत नाही. आईचासुद्धा."

"म्हंजे मी बी त्या सगळ्यांतलाच?"

नाही, तू वेगळा आहेस, एवढंच म्हणायचं होतं. गौरांग म्हणाला, "निघतो, उशीर होतोय."

"जाय. बॅग घेऊन जाय, मंधात ठेवाले कामी येईल."

रविवारी गौरांग सकाळीच कपडे करून बसला. 'येऊ का?' असं फोनवर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. विक्कीनं आधी बोलवावं म्हणून थांबला. तोही तिकडे असाच थांबला असेल, हे डोक्यात येईतो बाजार उठला होता.

सुतळी बॅगेतच राहिली. वाडीच्या कूलरला खस कुणी आणली, की आणलीच नाही, त्याला ठाऊक नाही.