शकुनबाई आणि खदानीची धूळ

आंबागडच्या डोंगराखाली आमचं गाव, आणि गावापासून कोसभरावर मॅंगनीजची एक खासगी खदान. शकुनबाई लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा श्रावण तिथं दगड फोडायला जायचा. पुढे तीही जाऊ लागली. तो फोडायचा, ती बायकांबरोबर बसून चांगला दगड वेचून घमेल्यात भरायची. संध्याकाळी दोघं नाल्यावर हातपाय घासून घरी येत, तरी अंथरुणावर काळे डाग पडत.

श्रावणला सारा मुलूख ओळखायचा तो मात्र दंडारीमुळे. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, दिवसाउजेडी नाच-सोंगांची दंडार रंगते. त्यात श्रावण बाईचं सोंग घेऊन आला की म्हातारेकोतारे पोट धरून हसत. त्यानं नुसती एक भुवई उचलली तरी पुरे.

सत्त्याहत्तर साली खदानीत दगड भरडायचं क्रशर आलं. मुकादम भैय्यालालनं श्रावणला त्या शेडमध्ये लावलं. उन्हात राबणं नाही, रोजीही जरा बरी, म्हणून दोघांना आनंदच झाला. शेडमध्ये धूळ एवढी की समोरचा माणूस सावलीसारखा दिसे. तोंडाला बांधायला श्रावण दुपट्टा न्यायचा, पण गुदमरल्यासारखं व्हायचं म्हणून तो गळ्यातच राहायचा.

काही वर्षं अशी गेली. मग त्याची झोप उडाली. तो मध्येच हसायला लागे. एकदा जेवताना असाच हसला आणि हसताहसता रडू लागला.

"काय झालं तुमाले?" शकुनबाईनं विचारलं.

"मले हसू येऊन रायलं," तो म्हणाला, "पन मनात काईच नाई."

तिला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

त्या वर्षीच्या मंडईत श्रावण नाचायला उभा राहिला. गिरकी घेताना तो मागच्या मागे पडला. लोक खदखदून हसले, शिट्ट्या वाजल्या. तो उठायला गेला, पुन्हा पडला. हसणं आणखी वाढलं. शकुनबाईनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो दगडासारखा झाला होता. ती गर्दीतून उठली आणि सरळ रिंगणात शिरली. तिनं त्याला काखेत धरून उभं केलं, तेव्हा कुठे लोक गप्प झाले.

पंधरवड्यात भैय्यालालनं त्याला कामावरून काढलं.

"पेऊन येते थो. एखाद्या दिवशी यंत्रात हात घालन."

"माह्या मानसानं कधी थेंब नाई घेतला," शकुनबाई म्हणाली.

"मंग पाय काहून लटपटतेत त्याचे?"

शेजारी म्हणाले, कोणीतरी करणी केली. तिनं भगताकडे नेलं, अंगारा लावला, कोंबडं दिलं. श्रावणची चाल बिघडतच गेली. टाचा उचलून, चवड्यांवर, कोंबड्यासारखा तो चाले. आवाज इतका बारीक झाला की पाणी मागितलं तरी तोंडाजवळ कान न्यावा लागे. शेवटी तिनं माहेरची पाटली मोडली आणि तुमसरहून गाडी धरून त्याला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी श्रावणला मागे मागे चालायला सांगितलं. दुसऱ्याच पावलाला तो कोसळला. डॉक्टरांनी त्याला सावरलं आणि विचारलं, "काम कुठं करता?"

शकुनबाईनं शेडचं सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं.

"बाई, ही मॅंगनीजची धूळ श्वासावाटे आत जाते, रक्तात मिसळते आणि मेंदूत साचते. मग हातपाय ताठतात, चेहरा हलत नाही, मनावर ताबा राहत नाही. दारूचा यात काही संबंध नाही."

"बरे होतीन ना?"

"फार उशीर झाला. सुरुवातीलाच धुळीतून बाहेर काढलं असतं, तर थोडं सुधारलं असतं."

परतीच्या गाडीत श्रावण तिच्या खांद्यावर डोकं टेकून झोपला. तिला मात्र गावातला ताराचंद आठवत होता. श्रावणला काढल्यापासून शेडमध्ये त्याच्या जागी तोच राबत होता, आणि मागच्या आठवड्यात पाणवठ्यावर त्याची बायको तुळसा सांगत होती की तो घरी उगीचच हसतो.

गावात पोचल्यावर ती श्रावणला घेऊन थेट ताराचंदच्या अंगणात गेली. तिनं डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. ताराचंदला ते पटेना.

"वयनी, मले काई नाई झालं. रोजी सोडून खाऊ काय?"

"मंग मागं मागं चालून दाखव."

तो हसत उठला. चार पावलं गेला आणि भिंतीला धरून उभा राहिला. तुळसा रडायला लागली. खाटेवर बसलेला श्रावण त्याच्याकडे पाहत होता. त्यानं हात उचलायचा प्रयत्न केला आणि तो कसंबसं म्हणाला, "जाऊ नको, बापू."

ताराचंद पुन्हा शेडमध्ये गेला नाही. आठवडाभरात वेचणाऱ्या बायकाही शकुनबाईबरोबर शेडच्या दारात बसल्या. धूळ बसवायला पाणी मारा, नाहीतर दगडाला हात लावणार नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. खदानीच्या ठेकेदारानं धमक्या दिल्या. भैय्यालालनं समजावून पाहिलं. माल अडून राहिला तेव्हा पाइप आला. क्रशरवर पाणी पडू लागलं, शेडमधला माणूस माणसाला दिसू लागला.

पण ते पाणी नाल्यात उतरलं. उन्हाळ्यात नाला काळा पडला. गुरं तोंड लावून माघारी फिरत. नाल्याकाठच्या विहिरीच्या पाण्याला मातकट चव आली, पोरांची पोटं दुखू लागली, पावसाळ्यात धानाच्या रोवणीला चिखलात उतरलेल्या बायकांच्या पायांना खाज सुटली. काही बायका शकुनबाईवरच उखडल्या.

"तूच मांगतलं होतं ना पानी?"

"हो, मीच," ती म्हणाली. "आता थे पानी अडवाचंही मीच मांगतो."

त्यासाठी तिला वर्षभर ठेकेदाराच्या दारात खेटे घालावे लागले. तुळसा आणि इतर बायकाही हळूहळू तिच्यामागे आल्या. शेवटी खदानीच्या कडेला गाळ बसायला खड्डे खणले गेले. नाला बराच निवळला. जोराचा पाऊस झाला की मात्र खड्डे भरून वाहत, आणि त्या दिवसांत लोक दूरच्या विहिरीवरून पाणी आणत.

ताराचंदचे पाय पुरते सुधारले नाहीत, पण तो धानाच्या बांधीत उभा राहून काम करू लागला. श्रावण मात्र खाटेवरच राहिला. शकुनबाई त्याला भात कालवून भरवायची, दाढी करून द्यायची, गावातल्या बातम्या सांगायची. त्याचा चेहरा काहीच सांगत नसे. ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, की तिला कळे, पोचलं.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात तो गेला. भेटायला येणारे म्हणत, वाऱ्याचा आजार होता, देवाची मर्जी. शकुनबाई प्रत्येकाला थांबवायची. भैय्यालालही आला. खाली मान घालून ओट्यावर बसला आणि म्हणाला, "आजारानं लय हाल केले बिचाऱ्याचे."

शकुनबाईनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"आजारानं नाई, भैय्यालालजी. खदानीच्या धुळीनं गेले थे. कोनी इचारलं तर तुमीबी असंच सांगा."

भैय्यालालनं पाणी घेतलं. होकाराची मान हलवली आणि रिकामा तांब्या तिच्या हाती परत दिला.