सारेला काय वाटलं असेल

लग्नाला तीनच महिने झाले होते आणि बायकोच्या थुंकीत रक्त दिसलं. तिला घेऊन मी शहापूरच्या सरकारी दवाखान्यात गेलो. रांगेत वाशिंदच्या आमच्या कंपनीतला एकजण भेटला.

"ही कोन रे?" त्यानं विचारलं.

टीबीचा बोभाटा होऊन काम जाईल, या भीतीनं मी म्हणालो, "मावसबहीण."

बायकोनं मान खाली घातली.

शेजारी डोळखांबकडची एक म्हातारी बसली होती. तिचं नाव मी विचारलं नव्हतं, पण ही माझी बायको, असं मघाशी तिला सांगितलं होतं. मांडीवर पिशवीत गुंडाळलेलं बायबल होतं. तिचा नवरा खोकला की ती पदरानं त्याचं तोंड पुसायची आणि पाठीवरून हात फिरवत राहायची. माझ्या गळ्यातला क्रूस पाहून ती हळूच म्हणाली, "अब्राहामपण भ्याला होता रे. जीव वाचवाया आपल्या बायकोला, सारेला, बहीण म्हनाला. सारेला काय वाटलं असंल, ते कुनी लिवलं नाय."

तेवढ्यात नर्सनं बायकोचं नाव पुकारलं. "सोबत कोण आहे?"

कंपनीतला तो अजून तिथंच उभा होता.

"मी. नवरा," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही, पण उठताना माझा हात धरला. तिला सणसणून ताप होता. आत जाताना मी पहिल्यापेक्षा जास्त घाबरलो होतो.