केतेकीबारीचा पहिला खांब

तिलेश्वरीचा आवाज असा, की या काठावरून तिने "मासे घ्याऽऽ" म्हटलं की पलीकडच्या काठावरच्या बायका टोपल्या घेऊन बाहेर यायच्या. कोळ्याच्या घरात जन्मली, कोळ्याच्याच घरात दिली. नवरा पुरात गेला, तर त्याचीच होडी वल्हवून तिने तीन पोरी उजवल्या. भांडणात तिच्यापुढे टिकणारा माणूस केतेकीबारीत झाला नाही. आणि असल्या बाईने चाळीस वर्षं नामघराच्या वळचणीला बसून काढली, याचा मला अजून राग येतो!

नामघर म्हणजे सगळ्या गावाचं प्रार्थनेचं घर. मूर्ती नाही, पूजा नाही. लाकडी सिंहासनावर पोथी, आणि समोर बसून सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवत देवाचं नाव घ्यायचं. सगळ्यांनी मिळून म्हणे! सैकिया, हजारिका ही वरची घराणी आत चटईवर. कोळी बाहेर अंगणात. कुडाच्या भिंतीतून नाम ऐकू येणार, मग हे टाळी देणार. त्यामुळे कोळ्यांची टाळी कायम अर्धा ठेका मागे पडायची. आतले खुदखुदायचे. "आले बघा, मागच्या होडीतले!"

मोठा भूकंप झाला आणि ब्रह्मपुत्रेचं डोकंच फिरलं. चौथ्या वर्षी तिने अर्धं गाव गिळलं, नामघरासकट. उरलेले सगळे उंचवट्यावर येऊन राहिले, झोपडीला झोपडी लावून. सैकियांच्या चुलीचा धूर कोळ्यांच्या डोळ्यांत आणि कोळ्यांच्या सुक्या मासळीचा वास सैकियांच्या नाकात.

गावाची सभा भरली तेव्हा तिलेश्वरी पदर खोचून उभी राहिली.

"नामघर बांधायचं ना? बांधू की. पण एकच बांधायचं, आणि चटई एकच. आता अंगणच राहिलं नाही, तर बसवाल कुठे आम्हाला? नदीत?"

हसू फुटलं. लक्ष्यधर सैकिया, सगळ्या गावाचे काका, तेवढे हसले नाहीत. सत्तरीचे, काडीसारखे ताठ; गावाचं नाम तेच सांगायचे. ते म्हणाले, "तिले, नामघर पहिल्या खांबावर उभं राहतं. तो सोनचाफ्याचा खांब माझ्या आजोबांनी रोवला होता. तो नदीने नेला. तो असता तर एक वेळ विचार केला असता."

"आणला तर?"

"आणलास तर एक चटई. सगळ्यांसमोर शब्द देतो." काकांना वाटलं, विषय मिटला.

मिटतोय कसला! तिलेश्वरीने सात आठवडे नदी पिंजून काढली. आणि माघात पाणी ओसरल्यावर दोन वळणं खाली, वाळूत रुतलेला खांब तिला सापडलाच. दोन्ही टोकं पाण्याने घासून सारखी झालेली. पण एका टोकाला हात-दीड हात काळपट पट्टा होता, वर्षानुवर्षं जमिनीत राहिल्याचा. "हेच बुडाचं टोक," ती म्हणाली, आणि आठ होड्या जोडून तिने तो ओढत आणला. काठावर बायकांनी जीभ हलवत शुभाचं उलूउलू करून रान उठवलं. महिनाभर खांब उन्हात सुकवला. काकांनी जीभ चावली असेल, पण शब्द फिरवला नाही.

फाल्गुनातल्या त्या सकाळी काय धमाल होती! भिजवलेले मूग-हरभरे, आलं, खोबरं केळीच्या पानांवर वाढून तयार. गळ्यात पांढरे धुतलेले गमछे. पहिल्यांदाच सैकिया आणि कोळी एका दोराला लागले. "उचल रे!" "अरे, पाय माझा आहे, खांब तिकडे!" तिलेश्वरी सगळ्यांच्या वर ओरडत होती, "काळं टोक खाली! काळं टोक खाली!" खांब खड्ड्यात उतरला, माती पडली, ती धुमसली, जयजयकार झाला. तिलेश्वरी तर लहान पोरीसारखी उड्या मारत होती.

तेवढ्यात म्हातारा सुतार पोनाकण खांबाभोवती फिरला. गाठींवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. तोंड उतरलं त्याचं.

"काका... खांब उलटा आहे. फांद्यांच्या गाठी खाली तोंड करून आहेत. झाडाचा शेंडा मातीत गेलाय."

आमच्याकडे साध्या गोठ्याचा खांबसुद्धा कुणी उलटा रोवत नाही. झाडाचं मूळ मुळाकडेच जायला हवं. आणि हा तर नामघराचा पहिला खांब!

"बघा!" हजारिकांपैकी कुणीतरी ओरडलं. "कोळ्यांचा हात लागला आणि पहिल्याच दिवशी उलटं झालं. देवाने दाखवून दिलं. दोन नामघरं बांधा, मोकळे व्हा!"

"दोन! दोन!" आणखी चार आवाज उठले. कोळ्यांनी दोर खाली टाकला. चाळीस वर्षं एका बाजूला, आणि हा एक खांब एका बाजूला.

"थांबा!" ती म्हणाली. "पोनाकणदादाची नजर म्हातारी झालीय. पाण्याला विचारू. लाकूड तरंगत सोडलं की बुडाचं टोक जड, ते खोल बसतं. हे कोळ्याच्या पोराला कळतं. काढा खांब!"

"रोवलेला खांब उपटायचा?"

"मग उलटाच ठेवता?"

खांब उपटला, नदीवर नेला, शांत पाण्यात सोडला. सगळं गाव काठावर. खांब डोलला, डोलला, आणि एक टोक हळूच खाली बसलं.

काळं नव्हे. दुसरं.

"माझं चुकलं," तिलेश्वरी म्हणाली. त्या बाईच्या तोंडून हे शब्द गावाने पहिल्यांदा ऐकले. "खांब उलटाच होता. मीच सांगितलं काळं टोक खाली. मातीची खूण बघून सांगि..."

ती बोलता बोलता थांबली. पाण्यात शिरली, खांबाचं काळं टोक दोन्ही हातांनी वर उचलून धरलं.

"काका, इकडे या. ही खूण कसली?"

लक्ष्यधर काका पाण्यात उतरले. पट्ट्यावर हात ठेवला. त्यांना कळलं, पोनाकणला कळलं, मग कुजबुजत सगळ्या गावाला कळलं. हेच टोक जुन्या नामघरात जमिनीत होतं. म्हणजे खांब साठ वर्षं उलटाच उभा होता. काकांच्या आजोबांनी रोवलेला, आणि त्या दिवशी कोळी तर अंगणात बसलेले!

आता ही बाई काय बोलेल, म्हणून सैकियांनी माना खाली घातल्या. तिच्याकडे ठेवणीतल्या शिव्या काय कमी होत्या? पण तिचा आवाज एकदम खाली आला.

"साठ वर्षं देवाने चालवून घेतलं, काका. आता तुम्ही आम्हाला चालवून घ्या."

काकांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. मग त्यांनी खरं बुडाचं, जड टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "दुसरं टोक तू धर, तिले. या वेळी नीट रोवू. आणि चटई एकच अंथरा रे, ऐकलंत ना?"

दुपारी, भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसत्या एका खांबासमोर सगळं गाव एका चटईवर बसलं. काकांनी नाम सुरू केलं. सगळ्यांची टाळी पडली आणि तिलेश्वरीची अर्धा ठेका मागून आली. सवय ती! ती शरमून इकडेतिकडे बघू लागली. कुणी हसलं नाही. काकांनी नाम थांबवलं, तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा पहिल्यापासून उचललं, जरा सावकाश.

या वेळी टाळी एकच वाजली.