मी चांगली डिस्क काढली

साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम सुरू करून मला दहाएक वर्षं झाली होती. मेढ्यातल्या एका हाडांच्या दवाखान्याच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे होती. सर्व्हर म्हणजे एक्स-रेच्या खोलीमागे, प्लास्टरच्या खोक्यांशेजारी ठेवलेला काळा डबा. त्यात एक्स-रेचे फोटो साठवणाऱ्या दोन डिस्क. एकीवर जे लिहिलं जाई तेच त्याच क्षणी दुसरीवरही. एक गेली तरी दुसरीवर काम चालावं म्हणून. ही जोडी सांभाळायचं काम सर्व्हरमधलं सॉफ्टवेअरच करायचं.

एक्स-रे काढणारे काका फौजेतून निवृत्त झालेले. तिथंही त्यांनी हेच काम केलेलं. एका सकाळी त्यांचा फोन आला, "ताई, पडद्यावर लाल अक्षरात कायतरी येतंय. मी हात लावला न्हाई."

नवी डिस्क घेऊन मी एसटीनं गेले. डॉक्टर साताऱ्याला ऑपरेशन करायला गेले होते. एक डिस्क जोडीतून बाहेर पडून अकरा दिवस झाले होते आणि दवाखाना दुसरीवरच चालला होता. दोन्ही डिस्क एकाच दिवशी घेतलेल्या, दिसायला सारख्या. ओळख फक्त चिकटपट्टीवरच्या नंबरानं. मी पडद्यावरून नंबर वहीत टिपला, सर्व्हर बंद केला, नंबर दोनदा जुळवून डिस्क काढली, पिशवीत टाकली आणि नवी बसवली. चालू केल्यावर सगळं नीट उठलं. नव्या डिस्कवर नक्कल सुरू झाली. काकांनी चहा सांगितला.

चहा संपायच्या आत एक बाई आली. तिच्या सासूचं मनगट आदल्या दिवशी मोडलं होतं. साताऱ्याच्या डॉक्टरांना दाखवायला फोटोची प्रत हवी होती. काकांनी नाव टाकलं. परत टाकलं.

"आवं ताई, कालची म्हातारी दिसंना. परवाची माणसंबी न्हाईत."

मी पाहिलं. शेवटचा फोटो अकरा दिवसांपूर्वीचा होता. वही उघडली. बिघडलेलीऐवजी मी चांगलीचा नंबर टिपला होता, आणि मग तोच इमानदारीनं जुळवला होता. अकरा दिवसांपूर्वी मान टाकलेली डिस्क बंद-चालू झाल्यावर पुन्हा जागी झाली होती आणि आपल्याकडचं शिळं तेच खरं म्हणून नवीवर उतरवत होती. त्या अकरा दिवसांतली सगळी माणसं माझ्या पिशवीत होती. घरी गेल्यावर ती डिस्क मी भंगारातच टाकली असती.

"काका," मी म्हणाले, "मी चुकीची काढली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग दारातल्या बाईला म्हणाले, "बस बाई जरा, फोटो हाय, काढायला येळ लागंल." त्यांनी स्टूल ओढून दिलं आणि माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

मी सर्व्हर बंद केला. स्क्रू दोनदा खाली पडला. काकांनी तो उचलून दिला.

"फौजेत असताना," ते हळू बोलले, "मी एका जवानाचा उजवा सोडून डावा पाय काढला. फोटोत. फोटो बघून डॉक्टर साहेब त्याला म्हणाला, काय न्हाई झालं, जा. दोन दिस ते पोरगं मोडक्या पायावर हिंडलं. मग मीच जाऊन सांगितलं त्याला. तवापास्नं आधी इचारतो, बोट लावून दाखव कुठं दुखतंय."

बिघडलेली डिस्क बाहेर आली, चांगली जागेवर गेली. या वेळी नंबर मी मोठ्यानं वाचला, काकांनी वहीतल्या नंबराशी ताडून पाहिला. सर्व्हर उठला. त्यांनी नाव टाकलं आणि म्हातारीचं मनगट पडद्यावर आलं. दोन हाडं, एक तिरकी चीर. इतका सुंदर फोटो मी पाहिला नव्हता. बाई प्रत घेऊन, "लय उपकार झालं," म्हणत स्टँडकडं पळाली.

नवी डिस्क कोरी करून पुन्हा नक्कल लावली. दुपारपर्यंत ती चालली. तोवर काकांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी मला खायला लावली. "डॉक्टरला मी काय बोलणार न्हाई," असंही ते म्हणाले. पण डॉक्टर आल्यावर मीच सांगितलं. ते म्हणाले, "सगळे फोटो आहेत ना? मग दर आठवड्याला एक प्रत वेगळ्या जागी ठेवायची सोय करून द्या." ती मी आधीच करायला हवी होती.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले आणि मगच मला रडू आलं.